दोघंच कुठं निघालात?



आमच्या केजमध्ये नवरा-बायकोनं मिळून गावाबाहेर पडायला ठरावीक कारणं आहेत. लग्न, मयत, दवाखाना आणि देव. फार तर लग्नाचा बस्ता. यांतलं काहीच नसताना दोघं हातात पिशवी घेऊन बसस्थानकावर उभी दिसली, की ओळखीचं माणूस जवळ येतं आणि हळू आवाजात विचारतं, “का हो, काही झालं का?” विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, त्याला खरोखरच काळजी वाटलेली असते. “काही नाही, सहज फिरायला चाललोत,” हे उत्तर त्याला पटत नाही. आपल्यापासून काहीतरी लपवलं जातंय, असं वाटून तो गप्प बसतो.

फिरायला जाणं हा आमच्याकडं शाळेच्या सहलीचा विषय. नाही तर पुण्या-मुंबईच्या लोकांचा. पावसाळा आला की वर्तमानपत्रांतून धबधब्यांचे रंगीत फोटो येतात, ते सगळे सह्याद्रीतले. बीड जिल्ह्याचा फोटो यायचा तो टँकरपुढच्या घागरींचा. तो खोटा नसतो. मांजरा धरण आमच्याच तालुक्यात, धनेगावला आहे. २०१६च्या उन्हाळ्यात ते कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा मुलखात धबधबा शोधायला निघालेलं जोडपं लोकांना जरा वेडसर वाटलं, तर त्यात नवल नाही.

पण धबधबे आहेत. केज बालाघाटाच्या पठारावर आहे. हे पठार उत्तरेला एकदम तुटतं आणि खाली गोदावरीचं खोरं लागतं. जुनी माणसं अजून ‘घाटावरचा’ आणि ‘गंगथडीचा’ अशी माणसांची वाटणी करतात, ती या तुटलेल्या काठावरून. पठार काळ्या दगडाचं, थरावर थर रचलेलं. पावसाचं पाणी वरच्या माळावरून पसरत पसरत येतं आणि काठाशी आलं की त्याला खाली उडी घेण्यावाचून गत्यंतर नसतं. मोठा धबधबा नाही होत. पाऊस लागला तर दोन-तीन महिने पाणी पडतं, मग भिंतीवर नुसता ओला पट्टा राहतो, आणि मार्गशीर्षात तोही जातो. कपिलधार, पाटोदा तालुक्यातलं सौताडा ही नावं तुम्ही ऐकली असतील. तिथं श्रावणी सोमवारी पाय ठेवायला जागा नसते. मला ज्यांच्याबद्दल सांगायचंय त्या वाटांवर गर्दी नसते.

मी शिक्षिका आहे. यजमान एका कार्यालयात नोकरीला. मुलगा पुण्याला शिकायला गेला, त्याच्या पाठोपाठ मुलगी लातूरला अकरावीला गेली आणि घरात सासूबाई आणि आम्ही दोघं उरलो. तेव्हा लग्नाला २१ वर्षं झाली होती. भांडण म्हणाल तर नव्हतं. पण दिवसभरात आमच्यात जे बोलणं व्हायचं ते गॅस, फी आणि सासूबाईंच्या गोळ्या एवढ्यात संपायचं. टीव्ही बंद झाला की घर इतकं शांत व्हायचं, की फ्रिजचा आवाज ऐकू यायचा. एका रात्री हेच म्हणाले, “दोन दिवस कुठंतरी पायी फिरून येऊ. लांब नको.” मी विचारलं, “कोणत्या देवाला?” हे म्हणाले, “कोणत्याच नाही.”

दिवस निवडला तो मात्र मी. १७ सप्टेंबर २०२२, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, शनिवार. सकाळी झेंडावंदन झालं की सुट्टी, दुसऱ्या दिवशी रविवार. दिवस पितृपंधरवड्यातले. या पंधरा दिवसांत कुणी शुभकार्य काढत नाही, खरेदी करत नाही, फिरायला तर नाहीच नाही. पाणी मात्र नेमकं याच दिवसांत भरलेलं असतं. आपल्या भागात निवांत हिंडायचं असेल तर पितृपंधरवड्यासारखा काळ नाही, हे माझं मत मी तेव्हा सासूबाईंना सांगितलं. त्यांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं. मग म्हणाल्या, “पितरांच्या दिवसांत कुणी घर सोडतं का?” हे म्हणाले, “अंबाजोगाईलाच चाललोत, आई.” अंबाजोगाई म्हटल्यावर त्यांना वाटलं योगेश्वरीला चाललेत. आम्ही ते दुरुस्त केलं नाही.

केजहून अंबाजोगाई वीस-पंचवीस किलोमीटर. एस.टी.नं तासाभरात पोचलो. खरी पंचाईत झाली ती लॉजवर. तिथल्या माणसानं रजिस्टर पुढं सरकवलं आणि विचारलं, “पेशंट कोणत्या वॉर्डात आहे?” अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं सरकारी मेडिकल कॉलेज आहे, लांबलांबचे पेशंट तिथं येतात, आणि लॉज भरतात ते पेशंटच्या नातेवाइकांनी. “पेशंट नाही,” म्हटल्यावर त्यानं आमच्याकडं, मग माझ्या मंगळसूत्राकडं, मग आधार कार्डावरच्या केजच्या पत्त्याकडं पाहिलं. इतक्या जवळचं माणूस मुक्कामाला का थांबतंय, हे कोडं त्याला सुटलं नाही. सकाळी निघताना त्यानं यांना बाजूला घेऊन विचारलं म्हणे, “घरी काही वाद आहे का?”

त्या दुपारी आम्ही हत्तीखाना पाहिला. गावाच्या कडेलाच ही लेणी आहेत. जोगाईचा मंडप असंही म्हणतात. डोंगरात खोदत नेलेली नसून जमिनीत खाली उतरवलेली आहेत, त्यामुळं अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाहीत. उतरलं की समोर मोकळं अंगण, मध्ये नंदीचा मंडप, दगडी हत्ती, आणि मागं ३२ खांबांवर तोललेला लांबलचक सभामंडप. आत गार. शाळेची मुलं घेऊन मी इथं तीनदा आले होते, पण तेव्हा मुलं मोजण्यातच वेळ गेला होता. खांबाला टेकून बसायला मिळालं ते याच खेपेला.

या हत्तींची गोष्ट आमच्या भागात लहान पोरालाही माहीत असते. कोकणातून आलेल्या योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं. वऱ्हाड निघालं, हत्ती-घोडे निघाले, पण मुहूर्त गाठता आला नाही. मुहूर्त टळला आणि वऱ्हाड होतं तिथं दगड झालं. देवी अंबाजोगाईलाच राहिली, कुमारिका. परळी इथून काही फार लांब नाही, बसनं तासभर. तेवढं अंतर तिला ओलांडता आलं नाही. मी ही गोष्ट वर्गात किती वेळा सांगितली असेल. पण मुलांना सांगताना सगळं लक्ष हत्तींवर असतं. त्या दुपारी पहिल्यांदाच मनात आलं की बाई अडून राहिली त्याचं काय? यांना विचारलं, तर हे म्हणाले, “अडली कशावरून? तिला मनातून जायचंच नसेल.” मला हे उत्तर आवडलं. हा माणूस असं काही बोलू शकतो हे मी विसरत चालले होते.

रविवारी उजाडायच्या आत मुकुंदराजाच्या दरीकडं चालायला लागलो. ‘विवेकसिंधु’कार मुकुंदराजांची समाधी या दरीत आहे. ग्रंथ शके १११० मधला, म्हणजे ११८८ सालचा, असं मानलं जातं. ज्ञानेश्वरीच्या शंभरेक वर्षं आधीचा. म्हणून त्यांना आद्यकवी म्हणायची पद्धत. विदर्भातल्या आंभोऱ्याची माणसं मुकुंदराज आमचे म्हणतात, अभ्यासकांतही त्यावरून वाद आहे. तो वाद विद्वानांनी सोडवावा. दरीच्या तोंडाशी उभं राहिल्यावर एवढं कळतं, की एखाद्याला एकटं बसून काही लिहायचं असेल तर त्यानं हीच जागा धरली असती. अंबाजोगाई तशी गजबजलेली, पण गाव मागं पडून जमीन खाली उतरायला लागली की स्कूटरचा आवाजसुद्धा येत नाही. पाऊस आदल्या रात्री झालेला. तरवड फुललेला, कड्यावर धावडा, सगळीकडं सीताफळीची झुडपं, त्यांना हिरवी कच्ची फळं. आणि कुठंतरी पाणी पडत असल्याचा आवाज, जो आधी वाऱ्यासारखा वाटतो.

समाधीचं दर्शन घेतलं आणि मग दरीच्या कडेकडेनं गुरांच्या वाटेनं चालत राहिलो. वाट एका माणसाची. हे पुढं, मी मागं. एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती ऐकणाऱ्यांपैकी कुणाला उपयोगी पडेल म्हणून सांगते. समोरासमोर बसून जे बोलता येत नाही ते एकामागं एक चालताना बोलता येतं. तोंड दिसत नाही. पुढचा माणूस दगड बघत, पाय सांभाळत बोलत असतो, त्यामुळं बोलण्यावर कुणाचा पहारा नसतो. असंच चालताना हे म्हणाले, “बारा वर्षांमागं मला लातूरला बढती आली होती. मी नाही म्हणून कळवलं.”

मी थांबले. हे चालतच राहिले. “तुझी बदली झाली नसती. आई एकटी पडली असती. म्हणून नाही सांगितलं.”

बारा वर्षं! त्या काळात मी यांना दहादा तरी ऐकवलं असेल, की तुमच्या बरोबरीचे कुठल्या कुठं गेले. पाणी पडत होतं, त्याचा आवाज आता मोठा झाला होता, त्यामुळं लगेच काही बोलायची गरज पडली नाही. दरीत समोरच्या कड्यावरून दोन पांढऱ्या धारा खाली येत होत्या. कोकणातल्या माणसाला दाखवल्या तर तो हसेल, एवढ्याच. आम्ही बराच वेळ त्याच्याकडं पाहत बसलो. खाली डोहापर्यंत उतरलो नाही. शेवाळलेल्या काळ्या दगडावर पाय ठरत नाही आणि वर माळावर पाऊस झाला तर खाली पाणी कधी वाढेल ते कळत नाही. इथं पडलं तर हाक ऐकायला कुणी नसतं, फोनला रेंज नसते.

भाकरी सोडत होतो तेवढ्यात शेळ्या आल्या, त्यांच्या मागं एक बाई आणि तिच्या मागं तिचा नवरा. पस्तिशीचे असतील दोघं.

बाई म्हणाली, “इकडं काय करायलाव? रस्ता चुकलाव का?”

“नाही, फिरायला आलोत.”

“दोघंच?”

“दोघंच.”

ती खळखळून हसली. नवऱ्याकडं वळून म्हणाली, “आवं, ऐकलं का? दोघंच फिरायला आलेत.” मग माझ्याकडं पाहून म्हणाली, “आम्ही बी दोघंच जातो की. सहा-सहा महिने.”

श्रोतेहो, बीड जिल्ह्याबाहेरच्या कुणाला कदाचित हे उलगडून सांगावं लागेल. आमच्या केज, धारूर, वडवणी, अंबाजोगाईच्या डोंगराळ भागातली हजारो माणसं दिवाळी झाली की ऊस तोडायला निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. मुकादमाकडून ‘उचल’ घ्यायची आणि हंगामभर राबून ती फेडायची. यात मजूर मोजायचं माप आहे ‘कोयता’. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. एकट्या माणसाचा अर्धा कोयता. नवरा ऊस तोडतो, बायको वाढं काढते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. मजुरी टनावर, आणि ती दोघांची मिळून. २०२४च्या जानेवारीत या दरात ३४ टक्के वाढ झाली, तरी टनाचा भाव चारशेच्या आत राहिला. जोडी असली तर उचल पुरी मिळते म्हणून लग्नं लवकर उरकतात. हंगामाच्या तोंडावर उरकलेल्या लग्नाला ‘गेटकेन’ म्हणतात. माझ्या वर्गातली मुलंही या गाडीबरोबर जातात. गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहं असतात, काही मुलं थांबतातही, पण दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी हजेरी घेताना अर्ध्या नावांवर कुणी ‘हजर’ म्हणत नाही. हे सगळं मला माहीत होतं. जोडप्यानं मिळून बाहेर पडायची आमच्या भागातली सगळ्यांत मोठी रीत ही आहे, असा विचार मात्र कधी केला नव्हता.

बाई बसली. मी भाकरी पुढं केली, तिनं घेतली, तिच्या फडक्यातली मिरची मला दिली. नवरा यांच्याशी पावसाचं बोलत होता. ती सांगत होती, सांगलीकडं गेलो, कोल्हापूरकडं गेलो, एक वर्ष बेळगावच्या पलीकडं. “कृष्णा पाहिली, पंचगंगा पाहिली. घाटं रातीच उतरतोत, झोपीत. कसलं काय दिसतंय.” मग थांबून म्हणाली, “एका साली फडावरून जोतिबाचा डोंगर रोज दिसायचा. समोरच. म्हणलं एक दिवस जाऊ दर्शनाला. सहा महिन्यांत काय जमलं नाही.”

“एखादा दिवसही नाही?” मी विचारलं.

“खाडा पडतो ना,” ती म्हणाली, जणू हे विचारायचं कारणच नव्हतं.

उठताना तिनं विचारलं, “मग तुम्ही फिरून काय करणार?”

मला पटकन सुचेना. म्हटलं, “बसू, बोलू.”

“बोला मग,” ती म्हणाली, आणि शेळ्यांना हाका घालत दोघं दरीच्या वरच्या अंगाला निघून गेली. बरंच लांब गेल्यावर तिच्या नवऱ्यानं काहीतरी म्हटलं आणि तिचं हसणं पुन्हा ऐकू आलं.

आम्हाला लगेच बोलता आलं नाही. त्या बाईकडं पाहून मला माझ्या फिरण्याची लाज वाटली असं म्हणाले तर ते रेडिओवर बरं वाटेल, पण तसं झालं नाही. मला वाटलं ते एवढंच, की या डोंगरावर पितृपंधरवडा ते दिवाळी एवढे महिना-दीड महिना तिचे आहेत. पाणी आहे, शेळ्यांना चारा आहे, आणि नवरा-बायको मागं-पुढं चालतायत. बाकी सगळं दुसऱ्याच्या उसाचं. परत येताना मी पुढं चालले. लातूरच्या बढतीबद्दल जे बोलायचं होतं ते तेव्हा बोलले. ते आमच्या दोघांत राहू द्या.

पुढच्या वर्षी, २०२३ला, धारूरला गेलो. पाऊसच नव्हता. ऑगस्ट सगळा कोरडा गेला, आणि त्याच ऑक्टोबरात धारूर, अंबाजोगाई, वडवणी हे तालुके सरकारच्या दुष्काळी यादीत आले. धारूरचा किल्ला मात्र पाणी असो-नसो पाहण्यासारखा. तीन बाजूंनी दरी, चौथ्या बाजूला खंदक. आदिलशाहीतल्या किश्वरखान लारीनं १५६७च्या सुमारास तो बांधला आणि थोड्याच वर्षांत निजामशाहीच्या हल्ल्यात तो तिथंच मारला गेला. तटावर उभं राहिलं की पठार कुठं संपतं आणि गंगथडी कुठं सुरू होते ते नकाशासारखं दिसतं. जिथं धार पडायला हवी होती तिथं काळी भिंत कोरडी होती. आम्ही तिच्याखाली बसून सीताफळं खाल्ली. बालाघाटाच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, पण पाऊस नसला की मानांकनाचं फळही लिंबाएवढंच होतं. गोडी मात्र होती.

२०२४ला कपिलधार. मांजरसुंब्याच्या जवळ, मन्मथस्वामींच्या समाधीशेजारी. कार्तिकी पौर्णिमेला तिथं मोठी यात्रा भरते, लिंगायत समाजातली माणसं लांबून पायी येतात. आम्ही पितृपंधरवड्यातल्या शनिवारी सकाळी लवकर गेलो, तेव्हा माकडं आणि नारळवाला एवढेच होते. नारळवाल्यानं विचारलं, “पोरगं-पोरगी नाही आणली?” आता या प्रश्नांची सवय झालीये.

२०२५ला कुठंच गेलो नाही. त्या सप्टेंबरात जो पाऊस झाला तो पाहायला जाण्यासारखा नव्हता. मांजरेच्या काठची सोयाबीन गेलीच, तिच्याखालची मातीसुद्धा खरवडून गेली. जिथं कधी धार पडत नाही तिथून पाणी कोसळत होतं. आमच्या शाळेत आठवडाभर चिखल काढत होतो. ज्यांचं पीक आणि माती दोन्ही वाहून गेलं, त्यांच्यापुढं उचल घेण्यावाचून दुसरा मार्ग राहत नाही. त्या दिवाळीनंतर माझ्या वर्गातून नेहमीपेक्षा जास्त मुलं गेली.

पुढच्या पितृपंधरवड्यात अंबाजोगाईजवळच बुट्टेनाथाच्या दरीत उतरायचं ठरलंय. परवा सासूबाईंना सांगितलं. त्यांनी आधी तिथी मोजली, मग म्हणाल्या, “तुझ्या सासऱ्याची नवमी आहे, ती टाळून जा. आणि येताना त्या बाईला विचार, पोरं कुणाकडं ठेवून जाती.” आम्हाला ती पुन्हा भेटेल, असं त्यांनी धरूनच चाललंय.